मुक्या चित्रांचा कारागीर

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात फालका बाजार नावाचा एक गजबजलेला बाजार आहे. माझे लहानपण त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर गेले. घरात मराठी आणि जिना उतरून रस्त्यावर आले की हिंदी, अशी ग्वाल्हेरच्या मराठी घरांतल्या मुलांची रीत असते. तीच आमची होती. शाळेत असताना केव्हातरी कानावर आले की आपल्या देशात सिनेमाचा पाया फाळके नावाच्या एका मराठी माणसाने घातला. झाले! हे फाळके म्हणजे आमच्याच फालका बाजारातले, असे मी तत्काळ ठरवून टाकले आणि पुष्कळ दिवस मित्रमंडळींत त्याची फुशारकीही मिरविली. अखेर एके रात्री जेवताना वडिलांनी माझा भ्रमाचा भोपळा फोडला. बाजाराला ज्यांचे नाव आहे ते फाळके शिंदे सरकारच्या पदरचे सरदार. सिनेमावाले फाळके नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचे, शास्त्र्यांच्या घरातले. संबंध काय तो आडनावापुरता. मी हिरमुसलो, आणि त्या हिरमुसलेपणात दादासाहेब फाळके यांचा विषयच माझ्या मनातून निघून गेला.

तो परत आला पुष्कळ वर्षांनी. नोकरीच्या निमित्ताने मी दक्षिणेकडे, मराठी आणि कन्नड एकमेकींच्या शेजारी नांदणाऱ्या या भागात आलो. एका संध्याकाळी दादासाहेबांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची शिल्लक उरलेली रिळे पाहण्याचा योग आला. शेजारी कन्नड विभागातले एक सहकारी बसले होते. राजा आपल्या लहानग्या मुलाला धनुर्विद्या शिकवीत आहे आणि राणी कौतुकाने पाहत आहे, असा प्रसंग पडद्यावर चालला होता. मधूनमधून जी अक्षरे उमटत ती इंग्रजी आणि हिंदी होती. मराठी माणसाने काढलेल्या या चित्रात मराठी अक्षर नव्हते, कन्नड तर नव्हतेच. तरीही आम्हा दोघांचे कुठे काही अडले नाही. ज्या ठिकाणी मी हसलो त्याच ठिकाणी तेही हसले. आपल्या या वार्षिक अंकाचे मराठी आणि कन्नड असे दोन विभाग असतात. एका विभागाचा वाचक दुसरा विभाग क्वचितच उघडतो. पण त्या संध्याकाळी आम्ही दोघे एकाच पानावर होतो! हे साधणारा माणूस कोण होता, या कुतूहलाने मी त्याचे चरित्र वाचू लागलो. जे हाती लागले ते विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे जाणकार पंडित होते. पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात त्यांना संस्कृत शिकविण्याचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईला आले. वडिलांची विद्या मुखातली आणि ग्रंथांतली. मुलाची ओढ मात्र हातांकडे होती. १८८५ साली धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेथून ते वडील बंधूंबरोबर बडोद्यास गेले आणि कलाभवनात चित्रकलेबरोबरच छायाचित्रण शिकले. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात त्या काळी कलाकौशल्याला मोठे उत्तेजन होते. कलाभवनाचे प्रमुख प्राध्यापक गज्जर यांची या हुन्नरी तरुणावर मर्जी बसली. त्यांनी त्याला ठसे करण्याची आणि तीन रंगांच्या छपाईची विद्या शिकण्यासाठी रतलामला धाडले. रतलाम म्हणजे आमच्याकडचा माळवा. फालका बाजाराशी नाही तरी निदान माळव्याशी त्यांचा ऋणानुबंध निघाला, हे वाचून माझ्यातल्या जुन्या शाळकरी मुलाला थोडे समाधान वाटले, हे कबूल केले पाहिजे.

यानंतरची पंधरा-सोळा वर्षे पाहिली तर कोणाही व्यवहारी माणसाने या गृहस्थाला धरसोड वृत्तीचा म्हटले असते. १८९५ च्या सुमारास त्यांनी गोध्र्याला छायाचित्रांचे दुकान काढले. तेथे प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल दगावले. दुकान मोडून ते बडोद्याला परतले, पुन्हा कॅमेरा मांडला. पण फोटो काढून घेतला की अंगातली शक्ती जाते आणि माणूस लवकर मरतो, अशी लोकांची समजूत होती, त्यामुळे धंदा बसेना. मग त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगविले. बडोद्यास आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून जादूचे प्रयोग शिकून घेतले आणि आपले आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने स्वतःचे प्रयोगही केले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नी किर्लोस्कर नाटक मंडळीच्या चालकांच्या नात्यातली; सासरी तिचे नाव सरस्वती ठेवण्यात आले. १९०३ मध्ये सरकारच्या पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार आणि नकाशे काढणारा म्हणून नोकरी मिळाली. १९०६ च्या आसपास, स्वदेशीच्या चळवळीचे वारे वाहत असताना, ती सरकारी नोकरी त्यांनी सोडली.

मग लोणावळ्यास छापखाना निघाला. राजा रविवर्म्यांच्या देवादिकांच्या चित्रांच्या छपाईचे काम या छापखान्याकडे येत असे. पुढे तो दादरला हलला, त्याचे ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झाले, आणि रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी दादासाहेब १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. धंदा उत्तम चालला. पण भागीदारांशी कारभारावरून बिनसले आणि १९११ साली चाळिशी उलटलेला हा माणूस रिकाम्या हाताने छापखान्याबाहेर पडला.

येथे विद्यार्थी मित्रांनी थोडे थांबून एक हिशेब मांडून पाहावा. चित्रकला, छायाचित्रण, अंधारखोलीतली रसायने, रंगीत छपाई, रंगभूमीचे पडदे, जादूचे हातचलाखीचे खेळ, जुन्या शिल्पांची मोजमापे: हे सगळे एकेक पाहिले तर तुटक तुटक वाटते. परंतु सिनेमा नावाची जी नवी वस्तू तेव्हा जन्माला येत होती, तिला नेमक्या याच सगळ्या विद्या लागत होत्या. ज्यांना लोक धरसोड म्हणत होते ती उमेदवारी होती. ती कशाची आहे हे मात्र उमेदवारालाही ठाऊक नव्हते.

सिनेमा आपल्या देशाला अगदीच अपरिचित होता असे नाही. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या माणसांनी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात हलती चित्रे दाखविली होती. ती पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी परदेशातून कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये कुस्तीचे चित्रण केले. १९०१ साली रँग्लर परांजपे विलायतेहून परतले तेव्हाचा सोहळाही टिपला. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’च्या वर्षभर आधी, मुंबईत लागला होता. तो नाटकाच्या प्रयोगाचे चित्रण होता, कॅमेरा इंग्रज माणसाच्या हाती होता आणि फिल्मवरची प्रक्रिया विलायतेत झाली होती, म्हणून पहिलेपणाचा मान त्याला देत नाहीत. या वादात मी पडत नाही. तोरण्यांचा मान त्यांना अवश्य द्यावा. फाळक्यांचे वेगळेपण पहिल्या क्रमांकापेक्षा दुसऱ्याच गोष्टीत आहे: चित्रपटाचे काम आरंभापासून अखेरपर्यंत आपल्या घरात, आपल्या माणसांच्या हातून करून दाखविता येते, हे त्यांनी सिद्ध केले.

१९१०-११ च्या सुमारास गिरगावातल्या एका तंबूवजा सिनेमागृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचे प्रसंग सरकत असताना त्यांच्या डोळ्यांपुढे गोकुळ आणि अयोध्या दिसू लागली, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. आपल्या देवांची चित्रे घरोघर पोहोचविण्याचे काम त्यांनी छापखान्यात केलेच होते. आता तीच चित्रे चालती करायची होती. पत्नीलाही त्यांनी तो चित्रपट नेऊन दाखविला. मग वेडच लागले. मिळेल तो चित्रपट ते पाहत. दिवसाचे चार-पाच तास पडद्यासमोर जात आणि उरलेला वेळ घरी खटपटीत. झोप नाही, विसावा नाही. डोळे गेले! काही काळ दिसेनासे झाले. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या साहाय्याने दृष्टी परत आली, तेव्हा त्यांनी पुन्हा तेच काम हाती घेतले. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून दहा हजार रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी विलायतेची बोट धरली.

लंडनमध्ये त्यांची ओळख ना पाळख. ‘बायोस्कोप’ नावाच्या साप्ताहिकाची पाटी दिसली म्हणून ते सरळ संपादकाच्या खोलीत शिरले. त्या भल्या संपादकाने प्रथम त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला आणि मग, यांचा निश्चय पाहून, सेसिल हेपवर्थ या नामवंत निर्मात्याकडे नेले. हेपवर्थच्या स्टुडिओत दादासाहेबांनी सारे काही पाहून घेतले. पन्नास पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला, कच्ची फिल्म आणि तिला भोके पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदविली आणि १ एप्रिल १९१२ ला ते मुंबईत परत आले. विलायतेत मुक्काम अवघा दोन आठवड्यांचा. एवढ्या अवधीत ते जे शिकले, त्याच्यामागे वीस वर्षांची उमेदवारी होती.

परत आल्यावर पैसा हवा. सावकार अशा उद्योगाला भांडवल कसे देणार? दादासाहेबांनी एका कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, समोर कॅमेरा पक्का बसविला आणि रोज थोडे थोडे चित्रण करीत राहिले. महिनाभराने ती पट्टी यंत्रावर चालविली तेव्हा कोंब मिनिटभराच्या आत बीतून वर आला, त्याला पाने फुटली, वेल चढला. हे पाहून एक गृहस्थ कर्ज द्यावयास तयार झाले, तारणावर. त्या तारणात सरस्वतीबाईंचे दागिनेही होते.

सरस्वतीबाईंविषयी येथे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण एरव्ही त्यांचा उल्लेख एका ओळीत आटोपतो. दादरच्या बंगल्यात ‘राजा हरिश्चंद्र’चे काम सुरू झाले तेव्हा घरात कामकरी मंडळी धरून साठ-सत्तर माणसे असत. सर्वांचा स्वयंपाक बाईंकडे. दिवसा चित्रण चाले तेव्हा उन्हाचा प्रकाश नटांच्या तोंडावर परावर्तित करण्यासाठी त्या पांढऱ्या चादरी धरून तासन् तास उभ्या राहत. रात्री माणसे झोपली की स्वयंपाकघराची रसायनशाळा होई. फिल्म धुण्याची रसायने त्या मिसळून देत. कच्च्या फिल्मला भोके नसत, ती अंधारात यंत्रावर पाडावी लागत. हे कामही त्यांच्याकडे. मी सहज हिशेब केला. चित्रपटाची लांबी ३,७०० फूट. फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी आणि प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांवर चार-चार भोके. एका प्रतीसाठी पावणेपाच लाखांच्या आसपास भोके झाली! ती नीट पडली नाहीत तर चित्र पडद्यावर थरथरणार. आपल्या चित्रपटसृष्टीचा पाया जितका कॅमेऱ्यामागे घातला गेला, तितकाच तो त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात घातला गेला.

चित्रपटात काम करणे तेव्हा हलके समजत. म्हणून दादासाहेबांनी आपल्या माणसांना शिकवून ठेवले होते की कोणी विचारले तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहोत असे सांगावे. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना. ज्यांना समाजाने वेशीबाहेर ठेवले होते त्या बायकांनीही नकार दिला. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत काम करणारा अण्णा साळुंके नावाचा सडपातळ तरुण त्यांच्या नजरेस पडला. खाणावळीत त्याला महिना दहा रुपये मिळत. दादासाहेबांनी पंधरा देऊ केले आणि हिंदुस्थानच्या पडद्याला पहिली राणी मिळाली. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले. दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. वांगणीला बाहेरचे चित्रण चालू असताना हा मुलगा दगडावर पडून बेशुद्ध झाला, आणि कथेतही पुढचा प्रसंग रोहिदासाच्या मृत्यूचाच असल्यामुळे बापाने तशाच अवस्थेत तो पुरा करून घेतला, असे सांगतात. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. ध्येयवेडाला आपण टाळ्या देतो, तेव्हा त्याची किंमत घरातली कोणकोणती माणसे भरतात हेही विचारात घ्यावयास हवे.

सहा महिने आणि सत्तावीस दिवसांनी चित्रपट पुरा झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिम्पिया थिएटरात निवडक मंडळींना तो दाखविला गेला आणि ३ मे १९१३ पासून गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात लोकांसाठी लागला. सोबत प्रेक्षकांना नाच आणि कसरतीचे खेळही दाखवीत, कारण नुसत्या तासाभराच्या चित्राला कोणी येईल याची खात्री नव्हती. लोक आले, आणि येत राहिले. बदलत्या चित्रांच्या त्या दिवसांत खेळ तेवीस दिवस चालला.

यानंतर फाळक्यांनी आपले बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला नेला. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या, आणि बाईचे काम बाईने करण्याचा पायंडा पडला. १९१४ साली दादासाहेब आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथल्या जाणकारांनी कामाची वाखाणणी केली. हेपवर्थने तर तिकडेच राहून चित्रपट काढण्याविषयी सुचविले. पण आपला उद्योग आपल्या देशात उभा करावयाचा, या निश्चयाने त्यांनी ते मानले नाही. परतले तो महायुद्ध सुरू झाले होते, कच्चा माल महागला होता आणि भांडवलदार पाठ फिरवून बसले होते. तशाही स्थितीत ते टिकून राहिले. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. चित्रपट इतका चालला की मद्रासला जमलेली नाणी बैलगाडीतून, पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावी लागली, अशी आख्यायिका झाली. त्याच सुमारास त्यांनी चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणारा एक लघुपटही काढला आणि ‘नवयुग’ मासिकात आपल्या अनुभवांवर लेख लिहिले. विद्या झाकून ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) या दोन्ही चित्रपटांत बालकृष्ण झाली होती त्यांची लहान मुलगी मंदाकिनी. यमुनेच्या डोहात कृष्ण आणि कालिया यांची झुंज, देवाचे प्रकट होणे आणि अंतर्धान पावणे, हे चमत्कार पाहून खेडोपाडीचे लोक पडद्याला हात जोडीत. आज संगणकाच्या जमान्यात त्या करामती साध्या वाटतील. दृश्य चालू असताना कॅमेरा थांबवायचा, बाकीच्यांनी जागच्या जागी निश्चल उभे राहायचे, एकाने चौकटीतून निघून जायचे आणि पुन्हा कॅमेरा चालू करायचा. झाला देव अदृश्य. किंवा तीच फिल्म मागे गुंडाळून तिच्यावर दुसऱ्यांदा चित्रण करायचे, म्हणजे एका प्रतिमेवर दुसरी चढते. कॅमेऱ्याचा दांडा हाताने सारख्या गतीने फिरवायचा आणि कितव्या फेऱ्याला काय घडले ते ध्यानात ठेवायचे. बडोद्याच्या ‘प्रोफेसर केळफा’ची हातचलाखी येथे कामी आली.

आता या चरित्राचा उतरता भाग सांगितला पाहिजे. १९१८ च्या आरंभी भांडवलदार भागीदारांबरोबर ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. पैशाची चिंता मिटली आणि दुसरी उभी राहिली. भागीदारांना हिशेब हवा होता, ठरल्या मुदतीत ठराविक चित्रपट हवे होते. दादासाहेबांना प्रत्येक काम आपल्या मनासारखे, आपल्या हातून झालेले हवे होते आणि त्यासाठी खर्चाकडे पाहण्याची त्यांची तयारी नव्हती. छापखान्यात झाले तेच पुन्हा झाले. ते कंपनी सोडून काशीला निघून गेले आणि तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ नावाचे नाटक लिहिले. काही वर्षांनी मित्रांच्या आग्रहाने ते परत आले, चित्रपटही काढले. परंतु पूर्वीचा बहर पुन्हा आला नाही.

मला वाटते, यात केवळ भागीदारांना दोष देणे बरोबर नाही. चित्रपट हा घरगुती हुन्नर होता तोपर्यंत सगळे एकट्याने करण्याची दादासाहेबांची वृत्ती हेच मोठे बळ होते. तीच वृत्ती नसती तर ‘राजा हरिश्चंद्र’ झालाच नसता. पण धंदा वाढला, अनेक हातांत गेला, आणि आपले काम दुसऱ्यावर सोपविणे ही नवीच विद्या लागू लागली. आयुष्यभर दर दोन-चार वर्षांनी नवी विद्या शिकणाऱ्या या माणसाला ही एक विद्या काही केल्या साधली नाही. ज्या गुणाने माणूस वर चढतो त्याच गुणाने तो पुढे अडतो, याचे याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाही.

त्यात १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि पडदा बोलू लागला. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ १९३२ मध्ये मूकपट म्हणून निघाला आणि नंतर त्याला आवाज जोडावा लागला. मूकपटांचे दिवस सरले तशी हिंदुस्थान कंपनीही मिटली. १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनसाठी ‘गंगावतरण’ हा एकच बोलपट त्यांनी दिग्दर्शित केला. तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. सुमारे दोन दशकांत नव्वदांहून अधिक चित्रपट आणि पंचवीसएक लघुपट काढलेला हा पुरुष त्यानंतर नाशिकला स्वस्थ बसून राहिला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. तोवर धंद्यातली नवी पिढी त्यांना जवळजवळ विसरली होती.

मग मागे काय उरले? फाळक्यांचे चित्रपट पाहून मद्रासच्या नटराज मुदलियारांना स्फूर्ती मिळाली आणि दक्षिणेत ‘कीचकवधम्’ निघाला. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी स्वतःच कॅमेरा जुळवून ‘सैरंध्री’ (१९२०) काढला. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी ‘प्रभात’ उभी केली, आणि तिने १९३२ मध्ये काढलेला पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ हा पुन्हा हरिश्चंद्राचीच कथा सांगणारा होता. आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना सांगावयास हवे की १९३४ साली आलेल्या ‘सती सुलोचना’ या पहिल्या कन्नड बोलपटाचे चित्रणही कोल्हापूरच्याच स्टुडिओत झाले होते. म्हणजे पडदा निरनिराळ्या भाषा बोलू लागला तेव्हाही त्या भाषांना आसरा एकाच घराण्याच्या कारागिरांनी दिला. सरकारने १९६९ मध्ये दादासाहेबांच्या नावे चित्रपटक्षेत्रातला सर्वोच्च पुरस्कार सुरू केला. तो व्ही. शांतारामांना मिळाला, लता मंगेशकरांना मिळाला, भालजी पेंढारकरांना मिळाला, तसाच १९९५ चा डॉ. राजकुमारांना आणि २००८ चा म्हैसूरच्या व्ही. के. मूर्तींना मिळाला. २००९ मध्ये परेश मोकाशी यांनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ काढली तेव्हा नव्या पिढीला ही सगळी कथा हसत-खेळत कळली, आणि सरस्वतीबाईंचे कष्टही पडद्यावर आले.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहते. आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले असे मानतात. त्यांतले आज उरले आहेत ते तीसएक, आणि तेही बरेचसे तुटक. त्या काळची फिल्म ज्वालाग्राही होती, उष्म्याने कुजणारी होती. आणि खेळ संपला की तिची किंमत रद्दीएवढीही राहत नसे. १९६४ साली पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडून आणि इतर ठिकाणांहून तुकडे तुकडे गोळा केले, म्हणून ‘कालियामर्दन’चा मोठा भाग आणि ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली व शेवटची रिळे आपल्याला पाहता येतात. त्यातही ही रिळे १९१३ ची की दादासाहेबांनी १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या चित्रपटाची, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. ज्याने दागिने, विमा, डोळे आणि सारी उमेद ज्या कामात घातली, त्याच्या कामाचा एवढाच चतकोर शिल्लक आहे. आपल्या घरातल्या, गावातल्या जुन्या वस्तू, कागद, छायाचित्रे आपण कशी वागवितो, हे विद्यार्थी मित्रांनी यावरून स्वतःशी ताडून पाहावे.

गेल्या सुट्टीत मी ग्वाल्हेरला गेलो होतो. संध्याकाळी फालका बाजारातून चालताना एका दुकानात गिऱ्हाइकांची वाट पाहत बसलेला मुलगा आपल्या फोनवर कोणता तरी दक्षिणेकडचा चित्रपट पाहत होता. बाजाराच्या गलबल्यात त्याचा आवाज मला ऐकू येत नव्हता, त्याला तरी येत होता की नाही कोण जाणे. पण तो रंगून गेला होता. मी क्षणभर थांबून त्याच्या खांद्यावरून पाहिले, आणि काय चालले आहे ते मलाही कळले. लहानपणी मी मारलेली ती फुशारकी आठवून हसू आले. सिनेमावाले फाळके आमच्या बाजारातले नव्हते हे खरे. पण त्यांचे काम तेथवर येऊन पोहोचले होते.